डोळ्यातलं कुसळ आणि ‘सापडलं नाही’ची गोष्ट

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण आपण शाळेतल्या निबंधांत वापरून वापरून पार गुळगुळीत केली आहे. पण एखाद्या नेत्रतज्ज्ञाला विचारलंत तर तो सांगेल की कधीकधी दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळसुद्धा दिसत नाही. चांगल्या यंत्राखाली, प्रखर उजेडात, दहा पट मोठं करून बघितलं तरी नाही. आणि ते दिसत नाही तोवर डोळा लाल होत राहतो, औषधाने बरा होतो, पुन्हा लाल होतो. असं महिनोन्महिने, काही वेळा वर्षानुवर्षं चालतं.

विषय डोळ्यांचा आहे, पण तुमचा विषय रसायनशास्त्र असो, समाजशास्त्र असो की मराठी, हा लेख तुमच्यासाठीच आहे. तुम्ही ‘पेट’ दिली असेल, गाईड शोधत असाल, संशोधन आराखड्याचा तिसरा मसुदा लिहीत असाल, तर एक गोष्ट आत्ताच मनात पक्की करून ठेवा: ‘नाही’ आणि ‘सापडलं नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. मला हे पीएचडीच्या पहिल्या वर्षी फार वाईट पद्धतीने कळलं. ते शेवटी सांगतो. आधी एका रुग्णाची गोष्ट.

एक कल्पित रुग्ण

समजा, चाळिशीतला एक इलेक्ट्रिशियन आहे. (हा माणूस मी समजावण्यासाठी रचला आहे. पण त्याच्या बाबतीत जे घडतं ते सगळं नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकांत वेगवेगळ्या रुग्णांबद्दल लिहिलेलं सापडेल.) वायरिंगसाठी तो छन्नी-हातोड्याने भिंतीत झिरी पाडतोय. छन्नी जुनी आहे, मार खाऊन खाऊन तिचं डोकं कडेने फुलासारखं पसरलेलं आहे. एका घावाबरोबर उजव्या डोळ्याला काहीतरी चटकन लागतं. तो डोळा चोळतो, पाण्याने धुतो, आरशात बघतो. रक्त नाही, फारसं दुखत नाही. तो पुन्हा कामाला लागतो आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही जातो.

काही आठवड्यांनी तो डोळा लाल होतो, उजेड सहन होईना, धूसर दिसायला लागतं. डॉक्टर तपासतात. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, आणि आयरिस, म्हणजे बुबुळाचा रंगीत पडदा, यांच्यामध्ये द्रवाने भरलेली एक छोटी पोकळी असते. निरोगी डोळ्यात तो द्रव स्वच्छ असतो. याच्या डोळ्यात मात्र उजेडाच्या झोतात धुळीचे कण तरंगावेत तशा पांढऱ्या पेशी तरंगताना दिसतात. निदान होतं ‘अँटिरियर युव्हिआयटिस’, म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराच्या पुढच्या भागाचा दाह. स्टेरॉइडचे थेंब मिळतात. आठवड्यात आराम पडतो. डोस हळूहळू उतरवून थेंब बंद होतात. महिन्याभराने पुन्हा तेच.

मग तपासण्या होतात. क्षयरोग? नाही. सिफिलिस? नाही. संधिवाताशी संबंधित एचएलए-बी२७? निगेटिव्ह. फाईलवर शेरा पडतो: ‘कारण अज्ञात’. तिसऱ्यांदा त्रास होतो, मग चौथ्यांदा. दर वेळी उजवाच डोळा. दीड वर्षाने लक्षात येतं की त्या डोळ्याच्या बुबुळाचा रंग दुसऱ्यापेक्षा जास्त तपकिरी झालाय, बाहुली मोठी राहते आणि मोतीबिंदूही सुरू झालाय. तेव्हा कुणीतरी विचारतं, “तुम्ही काम काय करता?” सीटी स्कॅन होतो. डोळ्याच्या आत पांढराशुभ्र एक ठिपका दिसतो. तो असतो छन्नीच्या डोक्याचा उडालेला कपचा.

आता सांगा, चूक कुणाची? घाईघाईने ‘डॉक्टरची’ म्हणू नका. प्रत्येक पायरीवर माणसं शहाणपणानेच वागली आहेत. तरीही दीड वर्ष गेलं आणि नजर गेली. संशोधनातल्या चुकाही बहुतेक अशाच असतात, म्हणून आपण एकेक पायरी उलगडून बघू.

पहिली पायरी: आत शिरलं आणि कळलंच नाही

धातूवर धातू आपटतो तेव्हा उडणारा कपचा अगदी लहान, धारदार आणि प्रचंड वेगवान असतो. त्यामुळे तो डोळा फाडत नाही, सुईसारखा आरपार जातो. मागे राहिलेली जखम इतकी बारीक असते की ती आपोआप मिटते. वेदना कमी, रक्त नाही, पहिल्या काही दिवसांत नजरही बरी. मोठा दगड लागला असता तर माणूस त्याच दिवशी दवाखान्यात गेला असता. लहान कपच्याचा धोका त्याच्या लहानपणातच आहे.

त्यात स्मरणाचा प्रश्न. “डोळ्याला कधी काही लागलं होतं का?” असं विचारलं की बहुतेक माणसं “नाही” म्हणतात. खोटं बोलत नाहीत, त्यांच्या लेखी ते ‘लागणं’ नव्हतंच. २०१८ मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेला एक केस रिपोर्ट बघा. बेचाळीस वर्षांच्या एका बाईंच्या वरच्या पापणीला सूज आणि गाठ होती, पापणी खाली उतरत होती. एमआरआयमध्ये ती द्रवाने भरलेली गाठ वाटली. शस्त्रक्रियेत गाठ उघडली तर आत कडक प्रकारची एक कॉन्टॅक्ट लेन्स! बाईंना काहीच आठवेना. शेवटी त्यांच्या आईला आठवलं की मुलगी चौदा वर्षांची असताना बॅडमिंटन खेळताना तिच्या डोळ्यावर शटल बसलं होतं आणि लेन्स हरवली होती. ती पडून गेली असंच सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात ती पापणीत रुतून तिथे अठ्ठावीस वर्षं राहिली.

प्रश्नावली करणाऱ्यांनी इथे थांबावं. ‘इजा’ हा तुमचा शब्द आहे, उत्तर देणाऱ्याचा नाही. त्याऐवजी “गेल्या काही वर्षांत हातोडा, ग्राइंडर, वेल्डिंग असं काही काम केलंत का? गवत किंवा ऊस कापताना डोळ्यात काही गेलं का? अंगावर सुरवंट पडला होता का? डोळ्याचं ऑपरेशन झालंय का?” असं विचारलं तर स्मृतीला धरायला काहीतरी मिळतं. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं, आणि दोन्ही उत्तरं प्रामाणिक असतात.

दुसरी पायरी: समोर असून दिसत नाही

डोळा पारदर्शक आहे, मग आतली वस्तू दिसायला काय हरकत आहे? हरकत आहे, आणि ती बारावीच्या भौतिकशास्त्रातली आहे.

कॉर्निया आणि आयरिस जिथे भेटतात तिथे एक अरुंद कोन असतो. पुढच्या पोकळीत पडलेला जड कण गुरुत्वाकर्षणाने खाली सरकतो आणि या कोनाच्या तळाशी जाऊन बसतो. तिथून निघालेले प्रकाशकिरण कॉर्नियाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर इतके तिरके येतात की हवेत बाहेर पडूच शकत नाहीत. साधारण ४६ अंशांपेक्षा जास्त तिरका किरण तिथून आत परततो. हेच ते पूर्ण आंतरिक परावर्तन. म्हणजे यंत्र कितीही भारी असलं तरी समोरून तो कोपरा दिसणारच नाही. त्यासाठी कॉर्नियावर एक खास भिंग टेकवावं लागतं, म्हणजे कॉर्निया आणि हवा यांची सीमा नाहीशी होते आणि भिंगातल्या आरशात कोन दिसतो. या तपासणीला गोनिओस्कोपी म्हणतात. ती सहसा काचबिंदूसाठी केली जाते. दाहाच्या रुग्णात कुणी मुद्दाम आठवण ठेवून केली तरच होते.

डोळ्याच्या बाहेरही लपायला जागा आहेत. वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला कडेजवळ एक बारीक खाच असते. उडालेला कण तिथे अडकला की प्रत्येक उघडझापीला कॉर्नियावर ओरखडा काढतो. पापणी उलटवून बघितल्याशिवाय तो दिसत नाही. आणि पापणीच्या मागे, वरती खोल, आणखी एक कप्पा आहे. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्याच ६७ वर्षांच्या एका रुग्णाच्या डोळ्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तयारी करताना २७ कॉन्टॅक्ट लेन्स सापडल्या. आधी एकमेकींना चिकटलेल्या सतरा, आणि नंतर आणखी दहा. डोळ्याला त्रास व्हायचा, पण तो कोरडेपणाचा आणि वयाचा असेल अशी त्यांची समजूत होती.

परकी वस्तू बाहेरूनच यावी असंही नाही. मोतीबिंदू काढताना भिंगाचा एखादा कठीण तुकडा कोनात राहून गेला, तर तो आपलाच असून डोळा त्याच्याशी परक्यासारखा वागतो. ऑपरेशननंतर बऱ्याच काळाने दाह आणि कॉर्नियाच्या खालच्या भागाला सूज, असं चित्र दिसलं की जाणकार डॉक्टर आधी तो कोपरा तपासतात.

तिसरी पायरी: आत काय आहे यावर सगळं अवलंबून

इथे एक गंमत आहे. परकी वस्तू आत गेली की दाह होणारच असं आपण धरतो. ते खरं नाही, आणि हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांनी नेत्रवैद्यकाचा इतिहास बदलला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या काचेसारख्या झाकणाचे ॲक्रिलिकचे कपचे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. ऑगस्ट १९४० मध्ये जखमी झालेले हरिकेन विमानाचे वैमानिक गॉर्डन क्लीव्हर हे त्यातले प्रसिद्ध उदाहरण. हॅरॉल्ड रिडली या नेत्रशल्यचिकित्सकाने पाहिलं की हे कपचे डोळा मुकाट्याने सहन करतो. मग या पदार्थाचं भिंग करून मोतीबिंदूच्या जागी का बसवू नये? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्यांनी ती शस्त्रक्रिया केली. आज आपल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांत बसवतात त्या भिंगाची सुरुवात अशी झाली.

म्हणजे ‘वस्तू आहे का?’ यापेक्षा ‘कशाची आहे?’ हा प्रश्न मोठा.

- काच, ॲक्रिलिक, दगड: रासायनिकदृष्ट्या बऱ्यापैकी शांत. पण टोकदार असतील, हलत असतील, आयरिसला घासत असतील तर त्रास देतात.
- लोखंड: हळूहळू गंजतं. त्यातून सुटलेले आयन पेशींत शिरतात आणि तिथे अतिशय क्रियाशील, पेशींना मारणारे रेणू तयार होतात. भिंगावर तपकिरी डाग पडतात, बुबुळाचा रंग बदलतो, बाहुली फाकते, शेवटी दृष्टिपटल मरतं. याला सिडरोसिस म्हणतात. आपल्या इलेक्ट्रिशियनला हाच झाला.
- तांबं: जवळजवळ शुद्ध असेल तर जंतुसंसर्ग वाटावा इतका जहाल दाह लगेच सुरू होतो. मिश्रधातूत प्रमाण कमी असेल तर ते हळूहळू झिरपतं आणि भिंगावर सूर्यफुलासारखी नक्षी उमटते.
- लाकूड, काटा, कुसळ: सगळ्यांत बेभरवशाचे. दाह तर होतोच, शिवाय सोबत बुरशी आणि जंतू येतात.

आणि एक खास आपल्याकडचा पाहुणा म्हणजे सुरवंटाचा केस. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके ज्यांनी बघितलेत त्यांना अंगावर येणारी खाज वेगळी सांगायला नको. पण यातला केस डोळ्यात गेला तर काम वेगळंच होतं. रानातून चालताना कपड्यात घुसलेलं कुसळ आठवा. ते चालताना पुढेच सरकतं, मागे येत नाही, कारण त्याचे बारीक दाते एकाच दिशेने असतात. सुरवंटाच्या अनेक जातींच्या केसांची रचना अशीच असते. पापणीची उघडझाप आणि डोळ्याची हालचाल यांनी तो केस कॉर्नियातून आत, आयरिसपर्यंत आणि क्वचित थेट दृष्टिपटलापर्यंत जातो. वाटेत जिथे थांबेल तिथे गाठ आणि दाह. म्हणून दाह थांबतो आणि पुन्हा येतो. या आजाराला ऑफ्थाल्मिया नोडोसा म्हणतात, आणि १९८४ साली त्याचे पाच प्रकार मांडले गेले, पृष्ठभागावरच्या तात्कालिक चुरचुरीपासून ते डोळ्याच्या मागच्या भागातल्या दाहापर्यंत.

चौथी पायरी: तपासणीने ‘नाही’ म्हटलं

“स्कॅन क्लिअर आहे” हे वाक्य ऐकलं की विचारा: कोणता स्कॅन, आणि त्याला काय दिसतं?

साध्या क्ष-किरणात धातू दिसतो, लाकूड दिसत नाही. सीटी स्कॅन धातूसाठी उत्तम, पण त्याचे काप जाड घेतले तर बारीक कण दोन कापांच्या मधे निसटू शकतो. कोरडं लाकूड सीटीवर हवेच्या बुडबुड्यासारखं काळं दिसतं, आणि बघणारा त्याला हवाच समजून पुढे जातो. अल्ट्रासाऊंडला डोळ्याच्या मागचा भाग चांगला दिसतो. आयरिसच्या मागच्या कोपऱ्यासाठी जास्त वारंवारतेचा वेगळा अल्ट्रासाऊंड लागतो, पण तो फक्त काही मिलिमीटर खोलच बघू शकतो.

आणि एमआरआय? लाकडासाठी उपयोगी, पण आत लोखंड असेल तर घातक. १९८६ मध्ये एका अमेरिकी नियतकालिकात नोंद झाली: डोळ्यात लोखंडाचा कण आहे हे माहीत नसलेल्या रुग्णाचा एमआरआय झाला, चुंबकीय क्षेत्रात कण हलला आणि डोळ्यात रक्तस्राव झाला. एमआरआयच्या आधी भरून घेतात त्या फॉर्मवर “धातूचं काम केलंय का?” हा प्रश्न उगाच नसतो. नुसतं टिकमार्क करून पुढे जाऊ नका, आणि घरच्यांनाही सांगा.

संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक मोजमापाला शोधमर्यादा असते. प्रयोगशाळेत “शिसं आढळलं नाही” असं लिहिताना आपण “अमुक पातळीच्या खाली” हे जोडतो. मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासात मात्र “कुणीही भेदभावाचा अनुभव सांगितला नाही” असं बिनधास्त लिहितो, आणि मुलाखत सरपंचांच्या ओसरीवर घेतली होती हे लिहीत नाही. ओसरीलाही शोधमर्यादा असते.

पाचवी पायरी: औषधाने बरं वाटलं, म्हणजे निदान बरोबर?

या सगळ्या गोष्टीतला सगळ्यांत फसवा टप्पा हा. स्टेरॉइडने डोळा बरा झाला आणि त्यामुळे निदानावरचा विश्वास वाढला. पण स्टेरॉइड दाह दाबतं, मग दाहाचं कारण काहीही असो. लोखंडाचा कपचा असला तरी, भिंगाचा तुकडा असला तरी, सुरुवातीला आराम पडणारच. जे औषध दहा कारणांत सारखंच काम करतं, त्याचा गुण आला म्हणून अकरावं अनुमान काढता येत नाही. उलट लक्षणं दबल्यामुळे शोध थांबतो, कपचा गंजत राहतो. आत बुरशी असेल तर स्टेरॉइड तिचंच फावतं.

तुमच्या क्षेत्रातही असं ‘स्टेरॉइड’ असतं. एखादं संख्याशास्त्रीय समायोजन केलं की आलेख गुळगुळीत होतो आणि आपण कारण सापडल्याच्या थाटात पुढे जातो. त्या समायोजनाने कारण दूर केलं की फक्त लक्षण, हे विचारायचं राहून जातं.

मग शंका कधी घ्यायची? प्रत्येक लाल डोळ्याचा सीटी स्कॅन करणं मूर्खपणा ठरेल. वारंवार येणाऱ्या दाहाच्या बहुतेक रुग्णांत लपलेली वस्तू नसतेच, आणि क्ष-किरणांचीही किंमत असते. पण काही खुणा एकत्र दिसल्या की थांबायचं: दर वेळी तोच एक डोळा, औषध उतरवलं की त्रास परत, दोन डोळ्यांच्या बुबुळांच्या रंगात फरक, एकाच जागी गाठ किंवा सूज, हातोड्या-ग्राइंडरचं काम, जुनं ऑपरेशन. यातली एकेक खूण पुरेशी नाही, पण सगळ्या मिळून प्रश्न पुन्हा उघडायला भाग पाडतात. अशा, दाहाचं सोंग घेऊन आलेल्या आजारांचा नेत्रवैद्यकात एक वेगळा गटच मानला जातो. डोळ्यातला लिम्फोमासारखा कर्करोगही त्यात येतो. म्हणजे सोंग ओळखण्यावर कधीकधी जीवही अवलंबून असतो.

‘बहुधा’ लिहिण्याचं धाडस

आता शोध कसा करावा याचं एक उदाहरण. दक्षिण भारतातल्या खेड्यांत तळ्यात, नदीत पोहणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत गाठी आणि दाह दिसत होता. २००२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातल्या एस. आर. रतिनम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यामागे ट्रिमॅटोड या चपट्या कृमी असाव्यात असं मांडलं. मला त्या लेखाचं शीर्षक फार आवडतं, कारण ‘गृहीत धरलेलं कारण’ अशा अर्थाचा शब्द त्यांनी शीर्षकातच घातलाय. पुरावा जिथवर गेला, तिथवरच त्यांचं वाक्य गेलं.

काही वर्षांनी ब्राझीलमधून वेगळी बातमी आली. टोकान्टिन्स राज्यात, अरग्वाया नदीकाठच्या अरग्वाटिन्स गावात नदीत आंघोळ करणाऱ्यांना डोळ्यांचे विकार होत होते. तिथल्या संशोधकांनी दोन्हीकडून शोध घेतला. शस्त्रक्रियेत रुग्णांच्या डोळ्यांतून काढलेले कण एकीकडे, आणि नदीतून गोळा केलेले गोड्या पाण्यातले स्पंज दुसरीकडे. स्पंजच्या शरीरात सिलिकाचे सूक्ष्म काटे असतात, आणि त्यांचा आकार जातीनुसार ठरलेला असतो. डोळ्यांतून निघालेल्या कणांपैकी काही कण ड्रुलिया या प्रजातीच्या स्पंजच्या काट्यांशी जुळले. २००६ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

यातून दोन गोष्टी घ्या. एक, त्यांनी नुसता डोळा बघितला नाही, नदीही बघितली. संशयित कारण रुग्णात आणि परिसरात अशा दोन्ही ठिकाणी ओळखलं. दुसरी, ‘काही कण’ जुळले म्हणून ‘सगळ्या रुग्णांचं कारण स्पंज’ असं होत नाही. आणि ब्राझीलमध्ये स्पंज सापडला म्हणून तमिळनाडूतलं कारणही स्पंजच, असं तर अजिबात नाही. पाण्यात पोहणं आणि डोळ्यात गाठ, हे चित्र सारखं असलं तरी त्यामागे दोन वेगळी कारणं असू शकतात.

हेच केस रिपोर्टबद्दल. २७ लेन्स, २८ वर्षं, हे वाचायला भन्नाट वाटतं, आणि म्हणूनच ते छापून येतं. केस रिपोर्ट ‘असं घडू शकतं’ एवढंच सिद्ध करतो. ‘किती वेळा घडतं’ हे तो सांगू शकत नाही, कारण त्याला छेद नसतो, फक्त अंश असतो. तुमच्या साहित्य आढाव्यात “अनेक अभ्यासांत आढळलं आहे” असं लिहिण्यापूर्वी ते अभ्यास होते की एकेका रुग्णाच्या गोष्टी, हे तपासा.

माझ्या डोळ्यातलं मुसळ

आता कबुली. मी डॉक्टर नाही. माझं काम डोळ्याच्या दाहाच्या प्रतिमा आणि नोंदी यांचं विश्लेषण करण्याचं आहे. पहिल्या वर्षी जुन्या केसपेपरवरून मी एक तक्ता तयार केला. त्यात ‘इजेचा इतिहास’ असा एक रकाना होता. बऱ्याच केसपेपरवर ती जागा कोरी होती. मी काय केलं? कोरी जागा म्हणजे इजा नाही, असं धरून तिथे शून्य भरलं. सॉफ्टवेअर खूश, मी खूश. विश्लेषणात आलं की ‘कारण अज्ञात’ गटात इजेचं प्रमाण नगण्य आहे. मी उत्साहाने स्लाईडही बनवली.

गाईड मॅडमनी तक्ता उघडला, एका शून्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे शून्य कुणी लिहिलं? डॉक्टरांनी की तू?”

उत्तर माझ्याकडे होतं, पण तोंडातून निघेना. ज्या रुग्णाला कुणी विचारलंच नव्हतं, त्याच्या वतीने मी “नाही” म्हणून मोकळा झालो होतो. आणि असे शेकडो रुग्ण. त्या शून्यांमध्ये एखादा छन्नीवाला असेलही. माझ्या तक्त्याने त्याला कायमचं गप्प केलं होतं. पुढचे तीन महिने तो रकाना तीन खणांत विभागण्यात गेले: ‘विचारलं, हो’, ‘विचारलं, नाही’ आणि ‘विचारल्याची नोंद नाही’. तिसरा खण सगळ्यांत मोठा निघाला. माझी छान स्लाईड गेली, पण प्रबंधातलं एक प्रकरण तिथूनच उभं राहिलं.

म्हणून तुम्हाला एक गृहपाठ. तुमच्या आराखड्यात, तक्त्यात, टिपणवहीत जिथे जिथे ‘नाही’ लिहिलंय तिथे पेन्सिलने खूण करा. प्रत्येकापुढे तीन प्रश्न लिहा: विचारलं होतं का? ज्या पद्धतीने विचारलं त्या पद्धतीला हे दिसलं असतं का? आणि हे खोटं ठरायला काय सापडावं लागेल? ज्या ‘नाही’पुढे तिन्ही उत्तरं देता येतील तो ठेवा. बाकीच्यांच्या जागी ‘सापडलं नाही’ लिहा आणि कुठे, कशाने शोधलं तेही लिहा. वाक्य लांबेल, पण पुढे कुणाला शोध चालू ठेवायला जागा राहील.

आणि हो, छन्नी-ग्राइंडर चालवताना चष्मा लावा, घरी कामाला येणाऱ्या माणसालाही द्या. डोळ्यात काही गेलं तर चोळू नका, स्वतः काढायला जाऊ नका. एकाच डोळ्याची लाली पुन्हा पुन्हा येत असेल तर दुकानातून तेच थेंब परत आणण्याऐवजी नेत्रतज्ज्ञाकडे जा, आणि ते विचारोत न विचारोत, तुम्ही काय काम करता ते आधी सांगा.